कोरड्या पायऱ्या

काकांबरोबर कुठलीही जुनी वास्तू बघायला जायचं म्हणजे चारचौघांत मान खाली घालायची तयारी ठेवावी लागे. गाइड रंगात येऊन राजाराण्यांच्या गोष्टी सांगत असायचा, कुणाचं लग्न कुठे लागलं, कुणाचं मुंडकं कुठे उडवलं, आणि मधेच गर्दीतून एक हात वर व्हायचा. वर्गातल्या हुशार मुलासारखा, कोपर न वाकवता, सरळ वर. "एक्सक्यूज मी. हे दगड कुणी वाहिले?"

विंडसरच्या किल्ल्यात मी हे पहिल्यांदा पाहिलं. गाइड मुलगी चांगली होती. तिनं दगड कुठल्या खाणीतून आला ते सांगितलं. काका म्हणाले, "खाण नाही विचारली, माणसं विचारली. झोपायची कुठे? पाणी कुठलं प्यायची?" ती म्हणाली, शोधून कळवते. काकांनी खिशातून पेन काढून कागदावर मोठ्या अक्षरात स्वतःचा ईमेल लिहून दिला. मी शेजारच्या एका तोफेकडे फार लक्षपूर्वक बघत राहिले. तीन आठवड्यांनी तिचं खरंच उत्तर आलं, चांगलं दोन पानांचं, आणि काकांनी ते छापून फाईलला लावलं. पुढे कुणीही घरी आलं की ती फाईल बाहेर यायची.

काका गेले त्याला येत्या फेब्रुवारीत एक वर्ष होईल. ते माझे घरमालक होते. नोकरीनिमित्त मी सांगलीहून थेट लंडनजवळच्या स्लाऊला येऊन पडले तेव्हा कुणीतरी त्यांचा नंबर दिला होता. दार उघडल्यावर त्यांनी खोली दाखवली नाही, चहा विचारला नाही. दारातच म्हणाले, "आडनाव?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, मग स्वतःचं सांगितलं, वर्ध्याकडचं गाव सांगितलं, आणि म्हणाले, "किचन एकच आहे. भांडी एकच आहेत. ग्लास कुणाचा कुठला, असं या घरात काही नाही. चालेल?"

मला रागच आला. सव्वीस वर्षांची होते, विमानातून उतरून तीन दिवस झाले होते. "अहो काका, असलं काही मानत नाही आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे... आमच्या घरी."

"बरं," एवढंच म्हणून ते जिना चढू लागले. मी बॅग घेऊन मागून गेले. त्या घरात मी तीन वर्षं राहिले आणि लग्न होऊन पिनरला गेल्यावरही महिन्यातल्या एखाद्या रविवारी जात राहिले.

काकांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एकदाही लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. "आतून पाहिलंय मी तिला," म्हणायचे. सकाळी ज्वारीच्या भाकरीला मार्मालेड लावून खायचे. काकू गेल्यापासून भाकरी स्वतःच थापत, आणि ती गोल झाली नाही की त्या दिवशी कुणाशी फारसं बोलत नसत. लायब्ररीतून इतिहासाची पुस्तकं आणत. जिथे जिथे 'अमुक राजाने हे मंदिर बांधले' असं वाक्य येई तिथे समासात बारीक पेन्सिलीने लिहून ठेवत, 'एकट्याने?' अकरा पुस्तकांत त्यांनी हा प्रश्न विचारल्यावर लायब्ररीतल्या बाईंनी त्यांना पकडलं. काकांनी वाद घातला नाही. घरून खोडरबर घेऊन गेले आणि दोन दिवस तिथे बसून प्रत्येक 'एकट्याने?' खोडून आले. तिसऱ्या दिवशी त्यातली चार पुस्तकं स्वतः विकत घेतली आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

माणूस लोभस होता असं मात्र समजू नका. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचे नाहीत. माझ्या लग्नात भटजींना त्यांनी अर्धा तास बाजूला घेऊन प्रश्न विचारले आणि मुहूर्त टळला. माझी आई आजही ते बोलून दाखवते.

त्यांची सगळ्यात विचित्र सवय पाण्याची होती. कुठेही तळं, झरा, कुंड दिसलं की काका वाकत आणि एक ओंजळ पाणी पीत. बर्फासारखं गार असो, शेवाळ असो, बदकं पोहत असोत. बाथ शहरात रोमन लोकांच्या कुंडाशी 'पाण्याला हात लावू नये' अशी पाटी आहे. काकांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि मग दोन बोटं बुडवून ओठांना लावली. तिथला माणूस धावत आला. त्यांच्या डॉक्टरनी त्यांना दोनदा दम दिला होता आणि एकदा तर ते पोटाच्या दुखण्यानं पाच दिवस ॲडमिट होते.

या सवयीबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. ऑक्टोबरात आम्ही विंडरमिअरच्या तळ्यावर गेलो होतो. त्यांची मुलगीही बरोबर होती. ती लीड्सला राहते, वकील आहे. काकांनी काठावर गुडघा टेकला तशी ती म्हणाली, "बाबा, प्लीज नको ना. इट्स फिल्दी. परत तू सिक होईल." काका प्यायले, रुमालाला हात पुसले आणि मला म्हणाले, "माझा बाप नऊ वर्षांचा होता. शाळेतून येताना तहान लागली म्हणून गावच्या तळ्यात ओंजळ घातली. चौघांनी पाहिलं. पायातल्या जोड्यानं मारला. मग तळं शुद्ध करून घेतलं. बाप त्यानंतर साठ वर्षं जगला, पण ओंजळीनं पाणी कधी प्याला नाही. मी पितो." मग उठले आणि गाडीकडे चालू लागले. मुलीलाही हे बहुतेक तेव्हाच कळलं असावं.

माया लोकांचं वेड त्यांना कसं लागलं ते मला नक्की ठाऊक नाही. त्या विकत घेतलेल्या चार पुस्तकांपैकी एक त्यांच्यावर होतं. मेक्सिकोत, युकातानच्या जंगलात, जिथे मैलोन्मैल नदी नाही, तिथे या लोकांनी शहरं वसवली आणि पावसाचं पाणी साठवायला तळी खोदली, असं त्यात होतं. काकांनी त्या ओळीखाली रेघ मारून लिहिलं होतं, 'खोदलं कुणी, प्यालं कुणी?' हे बघून आल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. एकाहत्तराव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकायला लागले. फ्रिजवर क्रियापदांचा तक्ता लागला. त्यांचं स्पॅनिश ऐकताना वर्ध्याच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटे, पण दीड वर्षात ते धडधडीत बोलू लागले.

मग लीड्सहून फोन आला. "तू जा ना त्याच्याबरोबर. माझा लीव्ह होत नाही आत्ता, आणि एकटा तो नाही जाऊ शकत, यू नो हिम. तो ऐकतो तर फक्त तुझी." मी गेले. खरं म्हणजे मलाही जायचंच होतं.

मोठी, नावाजलेली ठिकाणं काकांना बघायची नव्हती. त्यांनी एक आडबाजूचं ठिकाण हुडकलं होतं. जवळच्या गावातला एलिसेओ नावाचा माणूस तिथे गाइड म्हणून येई. पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. घरी माया भाषा, बाहेर स्पॅनिश, आणि पर्यटकांपुरतं इंग्रजी. सकाळी सातला आम्ही जंगलात शिरलो. पायवाट एवढी अरुंद की एकामागे एक चालावं लागे. हवा ओली आणि जड, शर्ट पाच मिनिटांत पाठीला चिकटला. कुठेतरी लांब माकडं ओरडत होती, तो आवाज एवढा मोठा आणि घोगरा की मी दोनदा थांबले. एलिसेओ वळून हसला.

ती मंदिरं एकदम दिसत नाहीत. टेकडी समजून आपण जिच्या बाजूने चालत असतो तिच्या अंगावर पायरी दिसते, मग दुसरी, आणि मान वर करत गेलं की झाडांच्या वर कुठेतरी दगडी माथा दिसतो. मुळांनी अख्ख्या भिंती मुठीत धरलेल्या. एलिसेओनं नेहमीप्रमाणे राजाचं नाव सांगायला सुरुवात केली आणि माझ्या शेजारचा हात वर गेला.

काकांनी स्पॅनिशमध्ये विचारलं. मला भाषा येत नव्हती, पण प्रश्न पाठ होता.

एलिसेओनं काकांकडे नीट बघितलं. मग पायरीच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बोलत राहिला आणि काका मला मराठीत सांगत गेले. "तो म्हणतो, आमच्या लोकांनी. आणखी कोण वाहणार? म्हणतो, पुढे स्पेनवाले आले. त्यांनी यातलेच दगड काढून गावात चर्च बांधलं. ते दगडही आम्हीच वाहिले. त्याचा बाप त्याला चर्चच्या भिंतीतला एकेक दगड दाखवायचा, हा वरून आणलेला, हा वरून आणलेला." काकांनीही त्या दगडावर हात ठेवला. "वीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही म्हणतो."

त्यानंतर ते दोघं पुढे आणि मी मागे. काकांचं वय निम्मं झालं होतं. तळ्याशी पोचलो. आता ते तळं म्हणजे झाडांमधला एक खोलगट, हिरवट पाण्याचा तुकडा होता, कडेला मात्र अजून बांधीव दगड दिसत होते. काकांनी गुडघा टेकला. एलिसेओ घाईनं स्वतःची बाटली पुढे करू लागला, तोवर ओंजळ पिऊन झाली होती. त्यानं का म्हणून विचारलं असावं, कारण काका तिथेच दगडावर बसले आणि त्यांनी बापाची गोष्ट सांगितली. मला शब्द कळत नव्हते. जोड्यानं मारल्याचं मात्र हातानं करून दाखवलं ते कळलं. एलिसेओनं डोक्यावरची टोपी काढली आणि गोष्ट संपेपर्यंत ती हातात धरून उभा राहिला.

मग तो म्हणाला, तुम्हाला एक जागा दाखवतो. तिथे पर्यटकांना नेत नाही.

अर्धा तास चाललो. जमिनीत एक भगदाड होतं, त्यात खडक कोरून केलेल्या पायऱ्या खाली अंधारात जात होत्या. आत गुहा आहे, काका मला सांगू लागले. छतातून थेंब थेंब पाणी पडतं आणि खालच्या दगडी खळग्यात साठतं. पाऊस लांबला की गावातली माणसं पूजा करतात, तिला हेच पाणी लागतं. कुणाचा हात न लागलेलं. एलिसेओचे वडील ती पूजा सांगतात.

मी बॅगेतून टॉर्च काढला. एलिसेओ काकांना काहीतरी म्हणाला, हळू आवाजात. काकांनी काही विचारलं. तो पुन्हा बोलला, या वेळी खाली बघत.

काका माझ्याकडे वळले. "तो म्हणतो, पायऱ्या फार निसरड्या आहेत. तू वरच थांब."

"माझे बूट चांगले आहेत काका. तुमच्या चपलांचंच काय ते बघा."

"नको न. उगीच पाय मोडशील. मी बघून येतो पटकन."

एलिसेओला आमचं मराठी कळायचं कारण नव्हतं. पण मी पुढे झाले तशी त्यानं हात आडवा केला आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, लेडी. विमेन डोंट गो. इट इज अवर कस्टम. द वॉटर. सॉरी." तो खरोखरच ओशाळला होता.

मी काकांकडे पाहिलं. काका पायऱ्यांकडे बघत होते. सबंध इंग्लंडभर ज्यानं पाट्या वाचून पाण्यात हात घातला, भटजीला मुहूर्त चुकवायला लावला, तो माणूस. मला वाटलं आता हात वर होणार. कोपर न वाकवता. मी वाटच बघत होते. थोडी मजाही वाटत होती मला, बिचाऱ्या एलिसेओची आता काही धडगत नाही म्हणून.

"जा तुम्ही," मी शेवटी म्हटलं. "मी थांबते."

ते म्हणाले, "जाऊ?"

आणि मी काही म्हणायच्या आत ते एलिसेओच्या मागून उतरायला लागले. त्यांचा पांढऱ्या केसांचा माथा तेवढा काही क्षण दिसला, मग तोही दिसेना.

मी चाळीस मिनिटं तिथे बसले होते. आधी फक्त राग होता. डास चावत होते, आणि मनातल्या मनात मी काकांना काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. बाईला बाहेर बसवणं काही नवं नव्हतं. आमच्याकडे महिन्याचे चार दिवस देवघराच्या उंबऱ्याबाहेर राहायचं असे आणि त्याचं मी कधी फार मनाला लावून घेतलं नव्हतं. पण हे काकांनी केलं होतं. मला बाहेर ठेवायला ते खोटं बोलले होते.

मग राग जरा ओसरला आणि जे आठवायला नको होतं ते आठवलं. सांगलीच्या आमच्या घरी संडास-बाथरूम धुवायला एक मावशी यायच्या. काम झालं की मागच्या पायरीवर बसायच्या. त्यांचा कप मागच्या खिडकीत, गजाबाहेर पालथा ठेवलेला असे. आई वाईट नव्हती. चहा गरम असायचा, साखर आमच्याइतकीच. मावशी कप उचलून पुढे करायच्या आणि त्यात वरून, न टेकवता, चहा ओतायचा. ते काम माझ्याकडे होतं. नवव्या-दहाव्या वर्षापासून बारावीपर्यंत. एक थेंब बाहेर सांडू न देता मी वीतभर उंचीवरून चहा ओतू शकत असे आणि त्याबद्दल आई माझं कौतुक करायची.

'असलं काही मानत नाही आम्ही.' स्लाऊच्या त्या दारात मी हे किती फणकाऱ्यानं म्हटलं होतं. काकांनी 'बरं' म्हणून सोडून दिलं होतं. त्यांना कळलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही. त्या गुहेच्या तोंडाशी बसून मी ठरवलं की हे काकांना सांगायचं, आजच, परतताना. सांगायचं आणि माफी मागायची. दुसऱ्या कुणाकडे मागणार, मावशी तर केव्हाच गेल्या.

ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. एलिसेओनं हात धरून त्यांना शेवटची पायरी चढवली. आम्ही परत गाडीत बसलो. एलिसेओ पुढे बसला होता. मी मुद्दामच, टोचेल असं विचारलं, "मग? प्यायलात ओंजळ?"

"नाही."

"का? तिथे तर मोठीच संधी होती."

"हात मागे बांधून उभा होतो," काका म्हणाले. "त्यानं पी म्हटलं असतं तर प्यालोही असतो. त्यानं म्हटलं नाही." मग खिडकीबाहेर बघत जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "मला बरं वाटलं. तुला थांबवलं आणि मला चल म्हटलं न, तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं मला. बहात्तर वर्षांत कुणी कुठे असं आत घेतलं नव्हतं. मला वाटायचं, ते तळ्याकाठचे चौघं राक्षस असतील. राक्षस काहून असतील? त्यांना आत बरं वाटत असेल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण गाडी गावात शिरली, एलिसेओच्या बायकोनं जेवायला थांबवून घेतलं, आणि मी स्वतःशी म्हटलं, घरी गेल्यावर निवांत बोलू.

परत आल्यावर महिन्याभरात काकांचा फोन आला. स्लाऊला एका हॉलमध्ये त्यांची मंडळी दर महिन्याला एका रविवारी जमत. वंदना, मग कुणाचं तरी व्याख्यान, मग जेवण. त्या रविवारी काका सहलीचे फोटो दाखवणार होते. "तू ये. समोर बस," म्हणाले.

साठ-सत्तर माणसं होती. डॉक्टर, इंजिनिअर, आपल्या मुलांना दामटून आणलेले आईबाप, काकांच्या वयाचे दहा-बारा जण. येणारा प्रत्येक जण जयभीम करत होता आणि मीही करत होते. काका छान बोलले. दगड, चर्च, तळं. 'कुणी वाहिले?' आल्यावर पोरंसुद्धा हसली, सगळ्यांना ते ठाऊक होतं. मग शेवटचा फोटो आला. तो मी काढलेला नव्हता. नुसता काळोख आणि कडेला चारदोन पायऱ्या.

"इथे मी एक चूक केली," काका म्हणाले. "ती सांगायला आज उभा आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुणाला आत घेतलं, कुणाला नाही, त्यांनी मला काय थाप मारली. "पायऱ्या कोरड्या होत्या. खडखडीत कोरड्या. मी हात नाही वर केला. त्या माणसाला एक प्रश्न नाही विचारला. त्यांची रीत आहे, त्यांची पूजा आहे, मी पाहुणा, हे सगळं खरं. पण मला उतरायचं नाही असं म्हणता आलं असतं. हिच्याबरोबर वर बसता आलं असतं. ते मी केलं नाही." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे तोंड केलं आणि हात जोडले. "मी तुझी माफी मागतो."

मागे एक बाई डोळे पुसत होती. बहात्तर वर्षांचा म्हातारा, हात जोडून, त्याच्या सगळ्या माणसांसमोर उभा, आणि समोर मी. माझं आडनाव तिथे बहुतेकांना माहीत होतं. त्यांच्यापैकी कुणाची माफी माझ्या घरातल्या कुणी कधी मागितली नव्हती. माझ्या आजोबा-पणजोबांनी नाही, आईनं नाही. गुहेच्या तोंडाशी ठरवलेलं सगळं मला स्वच्छ आठवलं. सांगायचं ते एका वाक्याचं होतं. ते बोलायला मला इतकी जागा मोकळी करून कुणी याआधी कधी दिली नव्हती.

मी उठले. हसले आणि म्हणाले, "असू दे हो काका. त्यात काय एवढं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं. मोठ्या मनाची पोरगी, असं काहीतरी मागून ऐकू आलं. मी त्यांना माफ करून टाकलं होतं, चटकन, जणू तो माझा हक्कच होता, आणि त्या क्षणी मलाही फार बरं वाटलं होतं.

काका मात्र तसेच उभे होते. टाळ्या थांबल्या तरी त्यांनी जोडलेले हात खाली घेतले नव्हते. चष्म्याविना डोळे बारीक करून ते माझ्याकडे बघत राहिले, मी आणखी काही बोलणार आहे असं वाटून. मी खाली बसले.

त्यानंतर काका सव्वादोन वर्षं होते. पिनरहून स्लाऊला गाडीने अर्धा तास लागतो.